ज्यांना वाया गेलेलं बघवत नाही

जुलै लागला की आमच्या कुसगावात कपडे वाळत नाहीत, एवढी एकच बातमी असते. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे, आणि बाहेर धुक्यात एक्स्प्रेसवेवरच्या गाड्यांचा नुसता आवाज. अशा एका रात्री नातवाचा फोन आला. तो हिंजवडीला कंपनीत आहे, पगार उत्तम.

"आजी, मी नोकरी सोडतोय. बाबांना अजून बोललो नाही. तू सांग ना."

लग्नबिग्न ठरवलंय की काय असं आधी मला वाटलं. निघालं भलतंच. त्याला भात लावायचं छोटं यंत्र बनवायचं आहे. गेल्या वर्षी आवणीला दोन दिवस शेतावर आला होता. तिसऱ्या दिवशी त्याला सरळ उभं राहता येईना. "अगं, एवढ्या बायका दिवसभर कमरेत वाकून उभ्या. हे बघवत नाही मला. बाजारात यंत्रं आहेत, पण आपल्या खाचरात ती वळतसुद्धा नाहीत." ते मात्र खरं आहे. मावळातलं खाचर म्हणजे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर चिखल उडेल एवढंच.

फोन ठेवला तरी 'बघवत नाही' हे शब्द डोक्यातून जाईनात. तेहतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. उद्योगपती, संशोधक, सुधारक असा कोणताही धडा आला की त्यांच्या अंगचे गुण फळ्यावर लिहून द्यायचे: दूरदृष्टी, धाडस, चिकाटी. मुलं पाठ करायची, मी गुण द्यायची. आता वाटतं, हे गुण आपण यश मिळाल्यावर चिकटवतो. सुरुवातीला त्या माणसाला नेमकं काय टोचत होतं, हे त्या यादीतून कळत नाही. त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा मी मनातल्या मनात आमच्याच मावळातली माणसं काढून बसले.

पहिले अर्थात टाटा. लोणावळ्यात राहणाऱ्याला वळवणचं धरण म्हणजे पाहुण्यांना दाखवायची जागा. पण ते धरण कुणाच्या डोक्यातून आलं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, आणि धुराने शहर काळवंडायचं. जमशेटजी टाटा स्वतः गिरणीवाले, त्यांना तो खर्च रोज दिसत होता. आणि इकडे घाटमाथ्यावर वर्षाला 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून चार महिन्यांत वाहून जात होता. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुतज्ज्ञाने ह्या पाण्यापासून वीज करण्याची कल्पना त्यांच्यापुढे मांडली, आणि ती त्यांच्या मनात घर करून बसली.

यातली गंमत मुलांना नकाशावर दाखवायला मला फार आवडायचं. आमच्याकडचं पाणी खरं तर पूर्वेला जायचं. इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला. घाटाची धार ओलांडली की मात्र कोकण एकदम 500 मीटरहून जास्त खाली. मग लोणावळा, वळवण, शिरवटा इथे तळी बांधून पाणी वर अडवायचं, कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत न्यायचं आणि मोठ्या नळांतून खोपोलीला खाली सोडायचं. त्या पडण्याच्या जोरावर चाकं फिरतात, वीज तारांवरून मुंबईला जाते. पाणी पुढे पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे देवाने पूर्वेला पाठवलेलं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं!

आणि हे सगळं जमशेटजींनी पाहिलंच नाही. ते 1904 साली गेले. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था, वीज आणि हॉटेल ही त्यांची चार मोठी स्वप्नं सांगतात, त्यातलं फक्त ताजमहाल हॉटेल त्यांच्या हयातीत, 1903 मध्ये उघडलं. विजेची कंपनी 1910 ला स्थापन झाली, 1911 च्या फेब्रुवारीत लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि 1915 च्या फेब्रुवारीत वीज सुरू झाली. मुलगा दोराबजी आणि इतरांनी ते तडीस नेलं. भांडवलही बरंचसं इथल्या संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी घातलं. कंपनीने नफा कमावला, त्यात काही गैर नाही. पण मेल्यावर अकरा वर्षांनी लागणाऱ्या दिव्यासाठी कुणी केवळ पैशाच्या आशेने धडपडत नाही, एवढं मला कळतं.

घाटाचा विषय निघाला म्हणून सांगते. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटातली वाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखवली त्याचं हे ठाणं, अशी कथा आहे. मी लहान असताना एस.टी. तिथून जाताना लोक खिडकीतून पैसा टाकायचे. आई माझ्याही हातात नाणं द्यायची. त्या एका पैशावरून मला पुढचा माणूस आठवतो, आणि तो माझा जास्त लाडका आहे.

अंताजी दामोदर काळे. हे नाव किती जणांना माहीत आहे? टाटांचे पुतळे उभे राहिले, काळ्यांचं नाव आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. ह्या माणसाचं म्हणणं असं की देश गरीब आहे, मान्य. श्रीमंतांकडे हात पसरून कारखाने उभे राहत नाहीत, तेही मान्य. पण माणशी एक पैसा तर कुणीही देऊ शकेल! तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. (आम्ही चौथीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यायचो: एक लाख लोकांनी एकेक पैसा दिला तर रुपये किती? उत्तर 1,562 रुपये आणि आठ आणे.) खिशात पडून राहिलेला पैसा एकटा असतो तोवर त्याने काहीच होत नाही, एकत्र केला की त्याचा कारखाना होतो. टिळकांनी ही कल्पना उचलून धरली, स्वयंसेवक पैसे गोळा करू लागले, आणि 1908 मध्ये आमच्या मावळातच, तळेगाव दाभाड्याला, पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली.

काच का? तर बांगड्या, चिमण्या, बाटल्या, सगळं परदेशातून यायचं. कारखान्याला जाणकार माणूस मिळाला तो ईश्वरदास वार्ष्णेय, जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेऊन आलेला. मला सगळ्यात भावतं ते हे की हा कारखाना मुळात शाळा होती. तिथे शिकून गेलेल्या कारागिरांनी आणि जाणकारांनी देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने उभारायला हात लावला. नफ्यातोट्याच्या वहीत हे मांडता येत नाही. आणि काळ्यांच्या स्वतःच्या नावावर काय? दारोदार पैसा मागत फिरलेला माणूस, एवढंच.

तिसरे तर लोणावळ्यातच, कैवल्यधामात. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. तुम्ही म्हणाल, योगी माणसाला कारखानदारांच्या पंगतीत कशाला बसवता? पण नीट पाहा. गुणे अमळनेरला शिकवत होते, तिथे प्राचार्यपदापर्यंत पोचले होते. व्यायाम बडोद्याला माणिकरावांकडे शिकलेले, योग माधवदासजींकडे. त्यांना टोचत होतं ते असं: योगाला मानणारे तपासल्यावाचून हात जोडत होते, आणि इंग्रजी शिकलेले तपासल्यावाचून नाक मुरडत होते. दोघांच्या मध्ये ती विद्या फुकट चालली होती.

मग ह्या गृहस्थांनी काय करावं? 1920 च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांना क्ष-किरणांपुढे उभं केलं. नौली करताना आतड्यात पोकळी तयार होऊन दाब उतरतो, हे मोजून दाखवलं. 1924 ला लोणावळ्यात संस्था काढली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, प्रयोगांचे आकडे छापण्यासाठी. आज जगभर जून महिन्यात योगदिन होतो, चटया अंथरल्या जातात. पण 'खरं आहे का ते मोजून बघू' असं म्हणायला त्या काळी केवढं धाडस लागलं असेल! भक्तही रागावणार आणि डॉक्टरही हसणार.

तर पाणी, पैसा आणि विद्या. तिघांची क्षेत्रं वेगळी, स्वभावही वेगळे असणार. पण तिघांनाही काहीतरी वाया जाताना बघवलं नाही. आपण सगळे तेच पाणी बघतो आणि छत्री शोधतो. माझ्या नातवाला कोणती गोष्ट बघवत नव्हती? बायकांची कंबर. मला बरं वाटलं. पहाटे डोळा लागला.

सकाळी चहा करताना मात्र मुळशी आठवली, आणि माझी इमारत डगमगली.

ज्या टाटांनी वळवण बांधलं त्यांच्याच कंपनीने पुढे मुळशीला धरण घेतलं. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट पुढे होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. बापट सेनापती झाले ते इथेच. बायका-मुलं बांधकामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. 1924 पर्यंत लढा चालला. धरण झालंच. त्या पाण्यावरची वीज भिऱ्याहून मुंबईला जाऊ लागली, आणि गावं पाण्याखाली गेली.

शिकवताना मी हा धडा वेगळ्या तासाला घ्यायची, टाटांचा वेगळ्या तासाला. एकत्र कधी घेतले नाहीत. सोयीचं होतं ते. घाटमाथ्यावरून जे पाणी मुंबईच्या माणसाला वाया जाताना दिसत होतं, त्याच खोऱ्यात मुळशीचा शेतकरी भात लावत होता. त्याच्या लेखी काहीच वाया जात नव्हतं. ज्याला वाया गेलेलं दिसतं, त्याला बाजूला काय चाललंय ते दिसेलच असं नाही. तळमळ खरी असली तरी. तळमळ खरी असते म्हणून तर जास्तच दिसत नाही.

आणि आता आवणीच्या बायका. आमच्या मागच्या आळीतल्या आठ-दहा जणी जून-जुलैत रोजाने जातात. कंबर मोडते, हे खरंच. पण त्या दीड महिन्याच्या रोजावर मुलांच्या वह्या-पुस्तकांचं आणि दिवाळीपर्यंतच्या किराण्याचं भागतं. नातवाला कंबर दिसली, रोज दिसला का?

आता एक गोष्ट, जी घरातही कुणाला सांगितलेली नाही. आमच्या ह्यांनाही एकदा असंच काही बघवत नव्हतं. 1984 ची गोष्ट. वाड्यावस्त्यांवर नवे हापसे बसलेले, आणि एका वॉशरसाठी सहा-सहा महिने बंद पडलेले. बायका पुन्हा ओढ्यावर. हे रविवारी सायकलवर पाने घेऊन जायचे, दुरुस्त करून यायचे. मग म्हणाले, नोकरी सोडतो, हेच करतो. गावातल्याच पोरांना शिकवायचं, सुटे भाग इथेच बनवायचे. माझ्या तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर आकृत्या काढून त्यांची वही शिवली होती. मी म्हटलं, दोन मुलं आहेत, दोन वर्षं थांबा. ते थांबले. पुन्हा विषय काढला नाही. मी चुकले का? मुलं शिकली, हे घर झालं. तरी ती वही मी ट्रंकेतून कधी टाकली नाही.

त्या दोन मुलांतला धाकटा म्हणजे नातवाचा बाप. त्याला काल फोन केला तेव्हा नोकरीचं आधी बोललेच नाही, वहीचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, त्याला किती महिने लागतील म्हणतोय?" मी म्हटलं, एक वर्ष दे. घराचा हप्ता तेवढा माझ्या पेन्शनमधून थोडा उचलते. तो "नको" म्हणाला, पण चिडला नाही.

नातवाला मी एकच अट घातली. लॅपटॉप घरी ठेवून यायचं, दोन दिवस त्या बायकांबरोबर चिखलात उतरायचं आणि त्यांना विचारायचं की यंत्र आलं तर तुमचं काय. तो म्हणाला, "आजी, त्यांना काय विचारायचं? त्यांचाच त्रास कमी होणार आहे." मग त्याला मुळशी सांगितली, फोनवरच, पाऊण तास. मध्येच म्हणाला, "म्हणजे यंत्र त्यांच्याच गटाच्या मालकीचं असलं तर?" मी म्हटलं, ते मला नको विचारूस, त्यांना विचार.

शनिवारी येतोय. पाऊस असाच राहिला तर आवणी अजून आठ-दहा दिवस चालेल. गमबूट आण म्हणून सांगितलंय, आणि वही ट्रंकेतून काढून ठेवली आहे. कागद जरा दमट झालेत, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेत.