बदलीच्या गावातले काम

मराठीतला बिऱ्हाड हा शब्द आपल्या सीमाभागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शेजारचा कानडी माणूस ‘बिडार’ म्हणतो आणि दोघांनाही कळते, की गोष्ट कायमच्या घराची नाही, मुक्कामाची आहे. सरकारी नोकरीने, रेल्वेने, टपालखात्याने आणि पुढे बँकांनी हे बिऱ्हाड आपल्या समाजाच्या अंगवळणी पाडले. बदलीचा हुकूम नवऱ्याच्या नावाने निघतो. त्याला नव्या गावात खुर्ची, टेबल, शिपाई आणि चार सहकारी आयते मिळतात. बायकोला मिळते ती नव्या चुलीची जागा आणि पाणी कुठून आणायचे याची माहिती. बोचकी सोडून झाली, डबे फळीवर लागले, की दुपारी दोनच्या सुमाराला तिच्यापुढे प्रश्न उभा राहतो : आता इथे मी काय करायचे?

हा प्रश्न शिकलेल्या, नोकरी सोडून आलेल्या आजच्या मुलींचाच आहे, अशी आपली समजूत असते. तो निदान सव्वाशे-दीडशे वर्षांचा जुना आहे. इंग्रजी अमलात बदलीची नोकरी आली आणि नवऱ्यापाठोपाठ बायकोही परगावी बिऱ्हाड करून राहू लागली, तेव्हापासूनचा. त्याची सर्वांत तपशीलवार साक्ष आपल्याला रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ या 1910 साली निघालेल्या पुस्तकात मिळते. हे पुस्तक लोक न्यायमूर्तींचे चरित्र म्हणून वाचतात. ते बदल्यांचे पुस्तक म्हणूनही वाचता येते, आणि तसे वाचले तर त्यातली बाई जास्त स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी 1873 च्या डिसेंबरात पुण्याला रानड्यांच्या घरात आली, तेव्हा ती 11 वर्षांची होती आणि नवरा तिशी ओलांडलेला. अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला शिकवायला घेतले. पण पुण्याचे घर मोठे. सासू, नणंद, आश्रित बायका, येणारे-जाणारे असे सगळे एका छपराखाली. पाटी हातात घेणारी सून हा त्या घरात रोजच्या बोलण्याचा विषय झाला. दिवाणखान्यातल्या पुरुषाची एक इच्छा आणि माजघरातल्या बायकांची दुसरी, अशा दोन सत्तांमध्ये तिची ओढाताण होई. रानडे माजघराशी भांडत नसत. त्यांच्या सौम्यपणाची पुष्कळ स्तुती झाली आहे. त्या सौम्यपणाची किंमत मात्र दिवसभर आत राबणाऱ्या मुलीने मोजली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

1878 साली रानड्यांची नाशिकला बदली झाली. पुण्यातल्या सार्वजनिक चळवळींत ते फार गुंतले आहेत असे सरकारला वाटत होते. म्हणजे ही एक प्रकारची शिक्षाच. पण रमाबाईंच्या वाट्याला त्याच हुकुमाने थोडी मोकळीक आली. नाशिकचे बिऱ्हाड सुटसुटीत होते. सोळा-सतरा वर्षांच्या या मुलीच्या हाती घराचा कारभार आला, वाचायला वेळ मिळू लागला आणि पहिल्यांदाच चारचौघांत उभे राहण्याचा प्रसंग आला.

तो प्रसंग मुलींच्या शाळेच्या बक्षीससमारंभाचा. लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख त्या वेळी नाशिकलाच न्यायखात्यात होते. समारंभात आभाराचे चार शब्द रमाबाईंनी वाचायचे होते, आणि ते शब्दही रानड्यांनी लिहून दिलेले. हारतुऱ्यांच्या वेळी त्यांनी साहेबाच्या मडमेला हार घातला. आता साहेबांनाही घाला असे गोपाळरावांनी सुचवले, तेव्हा त्या संतापून बाजूला झाल्या. परपुरुषाच्या गळ्यात हार घालायचा? शेवटी गोपाळरावांनी स्वतःच तो घातला. आज हसू येते. पण जरा थांबून पाहावे. भाषण नवऱ्याचे, बोलावणे नवऱ्याच्या हुद्द्यामुळे, आणि त्या सगळ्यात तिची स्वतःची अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो नकार.

नाशिकात पाय रुळतात न रुळतात तोच धुळ्याचा हुकूम आला. 1879 चे ते साल. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड, मे महिन्यात पुण्यातल्या बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला लागलेली आग, आणि पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मणांबद्दल सरकारच्या मनात आलेला संशय. रानड्यांना तडकाफडकी खानदेशात पाठवले गेले. तिथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. अशा गावात अधिकाऱ्याच्या घरी कोण मोकळेपणाने येणार? ओळख वाढवायची सोय नाही, पुण्याच्या बातम्या नाहीत. या वर्षांत रमाबाईंचे इंग्रजी पुढे सरकले. दुसरे करण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

पुढे मुंबई, पुन्हा पुणे, शेतकरी कर्जनिवारण कायद्याच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज निघाला, तेव्हा रानड्यांकडच्या रमाबाई त्यात जाऊ लागल्या आणि घरी बोलणी खाऊ लागल्या. 1884 साली मुलींच्या हायस्कुलासाठी गव्हर्नरापुढे इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम त्यांच्याकडे आले. ज्या घरात पाटी सोसवत नव्हती, तिथे आता भरसभेतले इंग्रजी सोसायचे होते. त्या दिवशी माजघरात जे झाले, ते मूळ पुस्तकातच वाचावे.

या सर्व मुक्कामांत आपल्या दोन भाषांच्या मुलखातल्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो कलकत्त्याचा. 1886 साली रानड्यांची सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमणूक झाली आणि हे जोडपे सिमला-कलकत्त्याकडे गेले. कलकत्त्यात दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. रानड्यांनी ते घेतले, पण वाचता कुठे येत होते? बायकोने तेवढ्यावरून चिमटा काढला. झाले! न्यायमूर्तींनी बंगालीची पुस्तके आणवली आणि अडलेले शब्द दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला विचारू लागले. आत बसलेल्या रमाबाईंना वाटले, कुणी बडा माणूस भेटायला आला आहे. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी न्हाव्याला गुरू केल्याबद्दल पुन्हा चेष्टा केली, तर उत्तरादाखल दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंचा दाखला मिळाला. मग रानड्यांनी तीच भाषा बायकोला शिकवली आणि थोड्याच दिवसांत त्या बंगाली वाचू लागल्या.

परक्या गावी बायकोला करण्यासारखे पहिले खरे काम म्हणजे तिथली भाषा, हे यातून दिसते. घरबसल्या करता येते, पैसा लागत नाही, आणि शेजारच्या खिडकीपलीकडचा कोलाहल हळूहळू बोलण्यात बदलतो. कोल्हापूर-सांगलीहून बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत दिलेली आपली लेक एम.ए., बी.एड. असते, आणि इथे आल्यावर अर्जाच्या पहिल्याच रकान्यात कन्नडच्या ज्ञानापाशी अडते. उलट बाजूने, धारवाडकडे कन्नडात शिकलेली मुलगी मिरजेत सून म्हणून येते, तेव्हा तिचीही तीच गत होते. पाटी कोरी होते, फक्त या वेळी वय अकरा नसते. यात ज्या मुली भाजीवालीपासून आणि मोलकरणीपासून शब्द गोळा करायला लाजल्या नाहीत, त्या लवकर सावरलेल्या मी पाहिल्या आहेत. न्हाव्याचा गुरुमंत्र म्हणा हवे तर.

रमाबाईंच्याच काळातले दुसरे बिऱ्हाड याहून पुष्कळ गरीब होते. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला. 1865 साली जन्मलेली, कल्याणची यमुना वयाच्या नवव्या वर्षी त्यांची बायको झाली आणि आनंदी म्हणवली गेली. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा तिचा प्रवास झाला. गोपाळरावांना बायकोला शिकवायचे वेडच होते, आणि बदली हे त्यांच्या हातातले हत्यार : या गावात जमत नाही, चला दुसऱ्या. त्यांची शिकवण्याची रीत दांडगाईची होती. रानड्यांचा सौम्यपणा आणि गोपाळरावांचा हट्ट यांत निवड करायची वेळ आली तर मी गप्प बसेन. दोघांनीही बायकोला विचारले नव्हते, एवढे मात्र खरे.

पण आनंदीबाईंच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडली. काय करायचे हे त्यांचे त्यांना कळले होते. पहिले मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्याही धड नव्हत्या. हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांना कुणी लिहून द्यावे लागले नाही. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी अमेरिकेला जाण्याची कारणे जाहीर भाषणात सांगितली, आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून नवऱ्याला मागे ठेवून बोटीत बसल्या. नवऱ्याच्या नोकरीमागे फिरलेली बाई पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी निघाली, आणि ती थेट फिलाडेल्फियाला. 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. मग कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जागा त्यांना देऊ करण्यात आली. पूर्वी त्या कोल्हापुरात राहिल्या होत्या त्या टपालातल्या कारकुनाची बायको म्हणून. आता त्याच गावात त्यांच्या नावाची खुर्ची तयार होती. ती सांभाळण्याइतके आयुष्य उरले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या वारल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले. एका बाईचे काम दुसऱ्या बाईने नोंदवून ठेवले, हेही त्या काळात थोडके नव्हे.

रमाबाईंची वाट मात्र लांबची होती. 1893 साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, बिऱ्हाड मुंबईला गेले, तिथे त्यांनी बायकांचे मंडळ चालवले. 16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. बदल्या संपल्या. त्या पुण्याला परतल्या आणि बराच काळ घराबाहेर पडल्या नाहीत. हुद्दा गेला, त्याबरोबर येणारी बोलावणी गेली. सत्तावीस वर्षे ज्या नावामागून त्या सभांना गेल्या होत्या, ते नाव आता फक्त स्मारकांवर उरले होते. वय चाळिशीच्या आतले. दुपारी दोनचा तो प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा आला आणि आता उत्तर लिहून द्यायला कुणी नव्हते.

1904 साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि 1909 साली पुण्यात रानड्यांच्याच वाड्यात सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर मदतीला होते. या संस्थेने कोणते काम निवडले, तिकडे लक्ष द्यावे. शिवण, वाचन-लेखन, शिक्षिका होण्याची तयारी, आणि ससून हॉस्पिटलात नर्सिंगचे शिक्षण. ब्राह्मण विधवा परक्यांच्या जखमा धुणार, या कल्पनेनेच पुणे हादरले होते. पण हात शिकलेला असेल तर बाई कोणत्याही गावी जाऊन पोट भरू शकते. नवऱ्याच्या हुद्द्यावर मिळणारे काम त्या हुद्द्याबरोबर जाते, हे ज्या बाईने प्रत्यक्ष भोगले, तिने निवडलेले हे अभ्यासक्रम आहेत, असे मला वाटते. कागदोपत्री पुरावा यासाठी मी देऊ शकत नाही. मुक्कामांची यादी आणि अभ्यासक्रमांची यादी शेजारी ठेवून पाहा, एवढेच म्हणेन.

पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी त्या रस्त्यावर उतरल्या, बायकांना मत मिळावे म्हणून लढल्या. नाशिकला एका हाराने बाजूला झालेली ती मुलगी आता मोर्चात पुढे होती. 1924 साली त्या गेल्या.

आणि एक गंमत, किंवा गंमत म्हणू नये अशी गोष्ट. त्यांच्या आठवणींचे पुस्तक रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबते. नाशिक आहे, धुळे आहे, कलकत्त्याचा न्हावी आहे, पण सेवासदन नाही. ते पुस्तक निघाले तेव्हा सेवासदनाला वर्ष होत आले होते, आणि त्यानंतर त्या चौदा वर्षे जगल्या. पुस्तकाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील’; एकट्या ‘माझ्या’ आयुष्याचे पुस्तक त्यांनी लिहिलेच नाही. ती तेवीस वर्षे शोधायची तर संस्थेचे जुने अहवाल, शाळेच्या पटावरची नावे आणि ज्या परगावच्या दवाखान्यांत त्यांच्या नर्सेस कामाला लागल्या, तिथली हजेरीबुके धुंडाळावी लागतात.