ताओ विचारातील समतोल आणि वरळीच्या बीडीडी चाळी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

सामाजिक सुसंवाद म्हणजे केवळ कलहाचा अभाव काय, हा प्रश्न प्राचीन चिनी तत्त्वचिंतनातही उपस्थित होतो. लाओत्से याच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या 81 प्रकरणांच्या ग्रंथातील दोन विचार या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, वस्तूची उपयुक्तता तिच्यातील रिक्त जागेत असते. घागर उपयोगी पडते ती तिच्या पोकळीमुळे. दुसरा असा की, निसर्ग अधिकातून घेऊन उण्याची भर करतो, मनुष्यव्यवहार मात्र बहुधा याच्या उलट चालतो. वरळीच्या चाळींचा ताओ परंपरेशी प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि त्यांचा इतिहास समजून घेण्यास हे दोन निकष साहाय्यभूत ठरतात.

चाळींची घडण

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 मध्ये मुंबई विकास विभाग स्थापन झाला. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. तो पूर्णत्वास गेला नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून 207 इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी 121 एकट्या वरळीत होत्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर 20 खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे 160 चौरस फुटांची, अशी ही रचना होती.

एवढ्या अपुऱ्या जागेत संसार चालले ते खोलीबाहेरील मोकळ्या जागेच्या आधाराने. दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा सामाईक मार्ग, जिना आणि जांबोरी मैदान यांवर कोणा एकाची मालकी नव्हती. मुलांचा अभ्यास, रात्रीची झोप, लग्नकार्य व उत्सव यांना तेथेच वाव मिळाला. रिक्त जागेची उपयुक्तता येथे दैनंदिन अनुभवाचा भाग बनली.

समतोलाचा भंग

मात्र सामाईक जागा म्हणजे समान प्रतिष्ठा नव्हे. चाळींत बौद्ध व सवर्ण हिंदू कुटुंबे शेजारी राहत असली, तरी जातीय अंतर नाहीसे झाले नव्हते. दलित पँथरची स्थापना 1972 मध्ये झाली. जानेवारी 1974 मध्ये मध्य-दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीवर बहिष्कार घालण्याची भूमिका पँथरने घेतली. 5 जानेवारीच्या वरळी येथील सभेनंतर दंगल उसळली. 10 जानेवारी रोजी परळ येथील मोर्चावरील हल्ल्यात भागवत जाधव मृत्युमुखी पडले. पुढे शासनाने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला.

या घटनेकडे ‘शांत चाळीतील अचानक उद्रेक’ म्हणून पाहणे अपुरे ठरते. दंगलीपूर्वीची शांतता ज्यांना उणे होते त्यांच्या सहनशीलतेवर उभी होती. त्यांनी समान हक्क मागताच ती शांतता ढळली. ताओ विचाराच्या दुसऱ्या निकषानुसार अशा स्थितीला समतोल म्हणता येत नाही. कारण उण्याची भर तेथे झालेलीच नव्हती.

समारोप

म्हाडामार्फत होत असलेल्या पुनर्विकासात पात्र रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे देण्याची योजना आहे. वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये घरांच्या चाव्या देण्यात आल्या. शंभर वर्षे 160 चौरस फुटांत राहिलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही उण्याची रास्त भर आहे. परंतु उत्तुंग इमारतींत बंद दारांमागे सामाईक मार्गाचे जुने कार्य कोण करणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

वरळीच्या इतिहासावरून असे म्हणता येईल की, केवळ मोकळी सामाईक जागा असून समाज टिकत नाही आणि केवळ वाढीव वाटा मिळूनही तो एकत्र राहत नाही. नव्या वसाहतींचे नियोजन करताना सामाईक जागा व समान प्रतिष्ठा या दोहोंचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.