वारली चित्रांचा गृहसजावटीतील परवानाबद्ध वापर

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा भागातल्या वारली समाजाची ही भित्तिचित्रे. सारवून गेरू दिलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने ती काढतात. काडीचे टोक चावून मऊ केले की तीच कुंचल्याचे काम करते. लग्नात सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (1934–2018, पद्मश्री 2011) कागदावर चित्रे काढू लागले आणि ही कला शहरी दिवाणखान्यांत पोहोचली.

2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने संरक्षण मिळते ते नावाला. एखादे विशिष्ट चित्र उतरवून घेण्याची मुभा त्यातून मिळत नाही. वारली मुलुखापासून शेकडो किलोमीटर दूर, नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत घर सजवणाऱ्याने म्हणूनच मानांकनाच्या शिक्क्यावर न थांबता चित्रकाराचे नाव आणि त्याची लेखी परवानगी मागावी. कला साऱ्या समाजाची, मग परवानगी कोणाची घ्यायची, असा आक्षेप घेतला जातो. शैली समाजाची आहे हे खरेच. तारपा वाद्याभोवतीचा नाच कोणीही काढावा. परंतु त्या नाचाचे एखाद्याने स्वतः रचलेले चित्र कॉपीराइट कायदा 1957 नुसार त्याचेच असते, नोंदणी केलेली नसली तरी, आणि मृत्यूनंतर 60 वर्षे तो हक्क वारसांकडे राहतो. ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न गालिच्यांवरून न्यायालयात गेला होता. आदिवासी चित्रकारांची चित्रे विनापरवाना व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर उतरवून पर्थमध्ये विकायला आणली गेली; 1994 मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने 1,88,640 ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरवली आणि ती ठरवताना चित्रकारांना सोसावी लागलेली सांस्कृतिक हानीही जमेस धरली. पवित्र आकृती पायाखाली आल्या होत्या. पालघटेचा चौक फरशीवर किंवा पायपुसण्यावर छापणे मला तितकेच गैर वाटते. तिथे नुसती परवानगी असणेही पुरेसे नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. स्टेन्सिल स्वस्त पडते, कलेचा प्रसारही होतो, असे म्हणतात. पण प्रसार होतो तो आकृतीचा. काढणाऱ्याचे नाव मागेच राहते आणि मोबदलाही. शिवाय परवाना म्हणजे मूळ चित्रच विकत घेणे नव्हे. ठरावीक प्रतींचा, ठरावीक वस्तूंपुरता, नावासह छापायचा करार छोट्या घरालाही झेपतो. पडदे-चादरींसाठी केलेल्या आकृतिबंधाची मात्र डिझाइन कायदा 2000 खाली आधी नोंदणी करावी: नोंदणीविना यंत्रावर पन्नासाहून अधिक नग निघाले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 नुसार त्यावरचा कॉपीराइट संपू शकतो.