किरमिजी लोकर आणि घराण्याचे नाव

मराठीतला ‘किरमिजी’ हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी एक किडा आहे. भूमध्य समुद्राकाठच्या ओक वृक्षांवरून तो गोळा करून तांबडा रंग काढत. सोळाव्या शतकात स्पेनने मेक्सिको जिंकला आणि निवडुंगावर वाढणारा त्याचा अमेरिकन भाऊबंद, कोचिनील, बाजारात आला. त्याने जुन्या किरमिजाला मागे टाकले. मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीखालोखाल मोल दीर्घकाळ याच किड्याला होते. दक्षिणेकडचा वाहाका प्रांत हे त्याचे मुख्य केंद्र.

वाहाका शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये हे झापोटेक आदिवासी विणकरांचे गाव आहे. तिथली लोकरी जाजमे ‘हजारो वर्षांच्या अखंड परंपरेची’ म्हणून विकली जातात. मला हे वर्णन अपुरे वाटते. या गावाचा इतिहास अखंडतेपेक्षा निवडीचा अधिक आहे.

स्पॅनिशांच्या आधी इथे कापूस विणला जाई, तोही कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर. मेंढ्या आणि पावड्यांचा माग विजेत्यांनी आणला. झापोटेकांनी तो आपलासा केला. १८५६ मध्ये पर्किनने कृत्रिम रंग शोधला, त्यापाठोपाठ कोचिनीलचा व्यापार कोसळला आणि विसाव्या शतकात गावातल्या बहुतेक घरांत पुडीतले रंग आले.

१९४२ ते १९६४ या काळात अमेरिका-मेक्सिको करारान्वये लाखो मेक्सिकन पुरुष अमेरिकेतल्या शेतांवर मजुरीला गेले. त्यांत या गावचेही होते. मागे राहिलेल्या स्त्रिया आजवर लोकर पिंजत, सूत काढत. आता त्याही मागावर बसू लागल्या. परतलेल्या कमाईतून काही घरांनी लोकर आणि माग घेतले, इतरांना सूत देऊन विणून घेतले आणि ती घरे व्यापारी झाली. १९७० च्या दशकात अमेरिकन दलालांनी नवाहो नक्षीची स्वस्त जाजमे मागवली. काम वाढले, पण दराची ओढाताणही वाढली.

याच सुमारास काही घरांनी उलटी वाट धरली. इसाक वास्केस गार्सिया या विणकराने रुफिनो तामायो आणि फ्रान्सिस्को तोलेदो या चित्रकारांच्या सहवासात नैसर्गिक रंगांचे काम पुन्हा उभे केले. लोकर धुऊन तुरटीच्या पाण्यात उकळायची, मग वाटलेल्या कोचिनीलच्या रंगात बुडवायची. त्यात लिंबू पिळले की नारिंगी छटा येते, क्षार घातला की जांभळी. निळा नीळीतून येतो. पिवळा पेरिकोनमधून, म्हणजे आपल्या दसऱ्या-दिवाळीच्या झेंडूच्याच कुळातल्या रोपातून. एक किलो कोचिनीलला साधारण दीड लाख वाळवलेले किडे लागतात. मोठ्या जाजमाला कित्येक महिने जातात.

मात्र पुडीतला तांबडा आणि किड्याचा तांबडा यांतला फरक गिऱ्हाइकाला नुसत्या नजरेने सहज कळत नाही. म्हणून अंगणातली रंगाची कढई, वाटायचा पाटा, चाती हे सारे त्याला दाखवावे लागते. विश्वास ठेवायचा तो घरावर. दर्जा हे या कुटुंबांचे खरे भांडवल झाले आणि आडनाव ही त्याची हमी.

इथेच माझा प्रश्न उभा राहतो. नाव घराण्याचे, पण श्रम कोणाचे? जाजमामागे पिंजणारी आई, रंग देणारी सून, सूत घेऊन मजुरीवर विणणारा शेजारी असतो. गिऱ्हाइकाला ओळख मात्र बहुधा कर्त्या पुरुषाचीच होते. हे आपल्याला परके नाही. येवल्याच्या पैठणीमागेही कांड्या भरणाऱ्या हातांचे नाव कुठे येत नाही.

तेओतित्लानमधल्या काही स्त्रियांनी १९८० च्या दशकात आपल्या सहकारी संस्था काढल्या. मानववंशशास्त्रज्ञ लिन स्टीफन यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. स्वतः विणायचे, स्वतः विकायचे, पैसे स्वतःच्या हाती घ्यायचे, एवढीच मागणी. पण तिच्यामुळे गावच्या सभेतही स्त्रियांना आवाज मिळू लागला. नैसर्गिक रंगाकडे परतण्याइतकीच ही घटना मला या हस्तकलेच्या इतिहासात मोलाची वाटते. रंग पक्का असणे ही दर्जाची एक कसोटी झाली. विणणाऱ्या प्रत्येक हाताला त्याचे नाव आणि दाम मिळणे ही दुसरी, आणि ती अजून सर्वत्र उतरायची आहे.