फॉरमॅट, फॉन्ट आणि डी ड्राइव्ह: खान्देशातील घरगुती संगणकांचा प्रणालीबदल

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील घरगुती संगणकाचा इतिहास म्हणजे बव्हंशी एकाच कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांचा इतिहास. डॉस, विंडोज ९८, एक्सपी, सेव्हन, टेन हा क्रम जगात सगळीकडे होता, तोच इथेही. मात्र कोणती प्रणाली घरात केव्हा शिरली आणि किती वर्षे टिकली, हे खान्देशात कंपनीच्या जाहिरातीवर ठरले नाही. ते ठरवले विजेने, संगणकाच्या क्लासने, दुरुस्ती करणाऱ्या पोराने आणि सर्वांत जास्त मराठी फॉन्टने.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणक घरातली वस्तू नव्हता. त्याची किंमत नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती. तो दिसे कारखान्यात, बँकेत, मोठ्या छापखान्यात आणि क्लासमध्ये. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि पुणे विद्यापीठाशी जोडलेली खान्देशातील महाविद्यालये त्याच्याकडे आली. संगणकाचे अभ्यासक्रम वाढले, तसे खासगी क्लासही वाढले. तिथे डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस शिकवत. काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या, हेच संगणक येणे.

त्या काळात मराठी ही सॉफ्टवेअरची नव्हे, हार्डवेअरची बाब होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. सरकारी कचेऱ्यांना ते परवडले, घरांना नाही. त्यामुळे खान्देशातला पहिला घरगुती संगणक बोलला तो इंग्रजीच.

विंडोज ९५ आणि विशेषतः जून १९९८मध्ये आलेल्या विंडोज ९८ने हे बदलले. आता देवनागरीसाठी वेगळे कार्ड लागत नव्हते, फॉन्ट पुरेसा होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, तसेच आकृती ही नावे डीटीपी करणाऱ्यांच्या तोंडी रुळली. जळगावातील दैनिकांच्या आवृत्त्या, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका हे सारे काम पेजमेकर आणि कोरलड्रॉवर येऊ लागले. त्यातले बरेच घरी बसून होई. खान्देशात अनेक घरांत संगणक हौस म्हणून नव्हे, तर पत्रिकांच्या हंगामात पानामागे पैसे देणारे यंत्र म्हणून आला, ही गोष्ट पुढचा इतिहास समजायला महत्त्वाची आहे. कुटुंबाचे उत्पन्न ज्या फायलींवर अवलंबून आहे, त्या उघडल्या नाहीत तर नवी प्रणाली कितीही देखणी असली तरी कुचकामीच.

या फॉन्टांची मेख अशी की, प्रत्येक कंपनीने अक्षरांच्या तुकड्यांना स्वतःच्या मर्जीने क्रमांक दिले होते. संगणकाच्या दृष्टीने ‘क’ हा ‘क’ नव्हताच. इंग्रजीतल्या एखाद्या चिन्हाच्या जागेवर ‘क’चे चित्र बसवलेले असे, एवढेच. सुरेख किंवा योगेश या सी-डॅकच्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की पडद्यावर रोमन अक्षरे आणि टिंबे-स्वल्पविरामांचा नुसता काला दिसे. श्रीलिपीचा मजकूर आयएसएमला वाचता येत नसे, आणि दोन्ही पॅकेजे चालायला संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टमध्ये कुलूप, म्हणजे डोंगल, लावावे लागे.

घरातली यंत्रे बहुतेक जोडणीची असत. जळगावचे गोलाणी मार्केट किंवा धुळ्याचा आग्रा रोड परिसर इथून कॅबिनेट, मदरबोर्ड, हार्ड डिस्क घ्यायची आणि दुकानदाराकडून विंडोज ‘टाकून’ घ्यायची, ही रीत. परवान्याचे पैसे त्या हिशेबात क्वचितच धरले जात. विषाणू आला, यंत्र मंदावले किंवा सुरूच होईना, तर उपाय एकच होता: फॉरमॅट मारणे. सीपीयू रिक्षात घालून दुकानात जाई आणि संध्याकाळी कोरा होऊन परत येई. यातूनच डी ड्राइव्हची प्रथा पडली. हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग करायचे, विंडोज सी मध्ये आणि कामाच्या फायली डी मध्ये, म्हणजे सी पुसला तरी काम वाचते. व्यवस्था शहाणपणाची होती, पण तिला एक भोक होते. फॉन्ट सी ड्राइव्हवरच, विंडोजच्या फोल्डरमध्ये असत. मजकूर डी वर शाबूत आणि तो दाखवणारा फॉन्ट पुसलेला, असा प्रकार वारंवार घडे. जाणती माणसे म्हणून फॉन्टची वेगळी फ्लॉपी, नंतर सीडी, कपाटात जपत.

विंडोज ९८कडून एक्सपीकडे जाण्याचे खान्देशातले एक मोठे कारण वीज हे होते. ऑक्टोबर २००१मध्ये एक्सपी आली, पण तिला किमान ६४ एमबी रॅम हवी होती आणि १२८ एमबी असली तरच ती नीट चाले. ३२ एमबीच्या जुन्या यंत्रांना ती झेपणारी नव्हती. म्हणून कित्येक घरांत विंडोज ९८ पुढची तीन-चार वर्षे राहिली. मग भारनियमनाची वर्षे आली. दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र भुसावळला लागूनच असले, तरी खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. स्वस्त यूपीएसची बॅटरी जळगावच्या उन्हाळ्यात लवकर बसे. काम चालू असताना वीज गेली की विंडोज ९८ पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालवत बसे, आणि कधी फायलीच हरवत. एक्सपीसोबत येणारी एनटीएफएस ही फाइलरचना इथे उपयोगी पडली. व्यापारी आधी रोजकीर्द लिहितो आणि मग खतावणी करतो, तशी ही रचना प्रत्येक बदलाची नोंद आधी करून ठेवते. मध्येच वीज गेली तरी रचना कुठवर आली होती ते कळते आणि ती पुन्हा सावरता येते. न साठवलेला मजकूर एक्सपीतही जाईच, पण अख्खी डिस्क बिघडण्याचे प्रकार कमी झाले.

एक्सपीत आणखी एक सोय होती, ती मात्र अनेक वर्षे दुर्लक्षित राहिली. युनिकोड देवनागरी आणि मंगल हा फॉन्ट विंडोज २०००पासूनच उपलब्ध होते. पण एक्सपीत ते चालू करायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. दुकानदाराने ‘टाकून दिलेल्या’ विंडोजची सीडी घरात कशी असणार? शिवाय पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हते. त्यामुळे एक्सपीवरही घराघरांत जुनेच फॉन्ट चालू राहिले.

याच काळात संगणक शिकण्याचे स्वरूप पालटले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोचला आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींत त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. चोपडा, अमळनेर, शिरपूर, साक्री अशा गावांत संगणकाला पहिल्यांदा हात लावणाऱ्या मुलांची पिढी विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर घडली. केरळमध्ये त्याच दशकाच्या उत्तरार्धात सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली आणि लाखो मुले लिनक्सवर शिकली. लिनक्स घरात येण्यासाठी ते आधी शाळेत यावे लागते, हे त्या राज्याच्या अनुभवावरून दिसते. महाराष्ट्राने ती संधी घेतली नाही. घरात तेच आले, जे क्लासमध्ये होते.

तरीही काहींनी लिनक्सचा प्रयत्न केला. हे बहुधा अभियांत्रिकीचे किंवा संगणकशास्त्राचे विद्यार्थी असत. बांभोरी, शिरपूर, धुळे इथल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत युनिक्स आणि लिनक्स अभ्यासाचा विषय होता. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळे. २००४ साली आलेल्या उबुंटूची सीडी तर मागणी नोंदवली की टपालाने फुकट घरी येई. ही योजना २०११ साली बंद झाली. सीडी घालून संगणक सुरू केला की डिस्कला हात न लावता नवी प्रणाली पाहता येई, आणि इथपर्यंत सगळे छान चाले.

अडचणी पुढे येत. घरचे इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर होते आणि स्वस्त यंत्रांत बसवलेले आतले मोडेम अर्धे काम विंडोजच्या सॉफ्टवेअरकडून करून घेणारे होते. लिनक्सवर ते मुके होत. इंटरनेट नाही म्हणून अडचणीचे उत्तर शोधता येत नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय इंटरनेट चालत नाही, अशी कोंडी होई. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवल्या, तर एनटीएफएसवरच्या फायली लिनक्समधून वाचता येत, पण भरवशाने लिहिता येत नसत. ती सोय २००७च्या सुमारास झाली. तोवर मध्ये एफएटीचा एक भाग राखून ठेवावा लागे. आणि घरातल्या दुसऱ्या कोणी विंडोज बिघडली म्हणून फॉरमॅट मारून आणला, की विंडोज डिस्कच्या आरंभी स्वतःचा कोड लिहून टाके आणि लिनक्स निवडण्याची यादीच नाहीशी होई. लिनक्स डिस्कवर जागच्या जागी असे, पण घरच्यांच्या लेखी ते संपलेले असे. खान्देशातील किती लिनक्स या एका कारणाने गेले, याची गणती कोण ठेवणार!

लिनक्स मोठ्या प्रमाणावर आले ते घरात नव्हे, न्यायालयांत. ई-न्यायालय प्रकल्पात देशभरच्या जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटूची निवड झाली, न्यायिक अधिकाऱ्यांना उबुंटूचे लॅपटॉप आणि प्रशिक्षण मिळाले. शिपायापासून न्यायाधीशापर्यंत अनेकांची लिनक्सशी ओळख नोकरीमुळे झाली. सक्ती आणि प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी सोबत आल्या की प्रणालीबदल होतो, हे इथे दिसले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानेही मराठीतून लिनक्सचे दृक्-श्राव्य पाठ उपलब्ध करून दिले.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला. घरांनी तोवर विंडोज सेव्हनकडे मोहरा वळवला होता. सेव्हनमध्ये युनिकोड देवनागरी आपोआप चालू असे, त्यामुळे मराठी ई-मेल आणि फेसबुक सामान्य झाले. डीटीपीवाले मात्र अडकले. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत, जुन्या डोंगलांचे ड्रायव्हर मिळेनात, नव्या मदरबोर्डवर प्रिंटर पोर्टच राहिले नाही. परिणामी, नव्या लॅपटॉपशेजारी एक पिवळट पडलेला एक्सपीचा सीपीयू केवळ जुन्या पत्रिकांसाठी जिवंत ठेवायचा, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी झाली.

व्यापारी घरांत बेडी वेगळी होती. जळगावच्या सराफ बाजारात, डाळमिलमध्ये किंवा धुळ्याच्या आडत दुकानात हिशेब टॅलीवर, आणि टॅली विंडोजवर. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा डिजिटल सहीचे टोकन आणि त्याचे ड्रायव्हरही याच यादीत जमा झाले. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो खान्देशातच, शहादा तालुक्यातील टेंभली गावात. आधार यंत्रणेचे सर्व्हर लिनक्सवर चालत असले, तरी गावातल्या नोंदणी केंद्राचा लॅपटॉप विंडोजचाच होता. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला लिनक्स कितीही आवडले तरी बोटांचे ठसे घेणारे उपकरण त्याला विंडोजकडे परत आणी.

२०१६नंतर स्वस्त मोबाइल डेटा आला आणि घरातला संगणक बाजूला पडला. अनेकांची ‘पुढची प्रणाली’ अँड्रॉइड हीच ठरली. तिच्या गाभ्यात लिनक्स आहे, याची कोणाला फिकीर नव्हती. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी माळ्यावरचे संगणक पुन्हा खाली आले. त्यांच्यावर बहुधा सेव्हन होती, आणि तिचा आधार त्याच वर्षीच्या १४ जानेवारीला संपला होता.

सर्वांत अलीकडचा टप्पा विंडोज टेनच्या निवृत्तीचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नियमित सुरक्षा अद्यतन थांबले. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षा-चीप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतली पुष्कळ यंत्रे अपात्र ठरली. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा आता खरोखर जमणारा पर्याय आहे. मोडेमचा प्रश्न उरलेला नाही, वाय-फाय आणि प्रिंटर बहुतेक वेळा आपोआप ओळखले जातात, लोहित फॉन्ट सोबत येतात आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे. लिब्रेऑफिसमध्ये मराठी पत्र विनातक्रार लिहिता येते. शुद्धलेखन तपासनीस मात्र अहिराणी शब्दांखाली तांबडी रेघ ओढतो, पण तशी ती विंडोजमध्येही ओढली जाते. टॅली आणि डिजिटल सही यांचा अडसर व्यापाऱ्यांना आहे, विद्यार्थ्याला किंवा निवृत्त शिक्षकाला नाही.

जुन्या फॉन्टांतील फायली हलवायच्या, तर आधी कोणत्या कंपनीचा कोणता फॉन्ट होता ते ओळखावे लागते. फाइलमध्ये डीव्ही अशी सुरुवात असलेले फॉन्टचे नाव दिसले तर तो सी-डॅकचा, एवढे सोपे क्वचितच असते. त्यानंतर त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणतात. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून मजकूर ओळीओळीने तपासावा लागतो. पेजमेकरच्या फायलींना भरवशाचा थेट मार्ग नाही. त्या जुन्याच यंत्रावर उघडून मजकूर बाहेर काढतात, आणि म्हणूनच तो पिवळट सीपीयू भंगारात देण्यापूर्वी हे काम उरकणे भाग असते.