दोन अंशांच्या मर्यादेची कुळकथा

जागतिक तापमानवाढीला आंतरराष्ट्रीय करारांनी घातलेली 2 अंश सेल्सिअसची मर्यादा हवामानाच्या संगणकी प्रारूपांतून निघाली असावी, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तिचे मूळ शोधू गेल्यास वाट एका अर्थशास्त्रज्ञापाशी पोहोचते. विल्यम नॉर्डहाउस यांनी 1975 मध्ये, व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्ग येथील प्रणाली-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत लिहिलेल्या टिपणात असे मांडले की, सरासरी तापमान तत्कालीन पातळीहून 2 ते 3 अंशांनी वाढल्यास हवामान गेल्या काही लाख वर्षांतील ज्ञात कक्षेबाहेर जाईल. मर्यादा ठरवण्याची ही रीत अत्यंत असमाधानकारक असल्याचेही त्यांनी तेथेच नमूद केले.

याविरुद्ध दुसरे मत असे की, मर्यादेचे खरे जनकत्व हरितगृह वायूंविषयीच्या सल्लागार गटाच्या 1990 च्या अहवालाकडे जाते. 1 अंशापलीकडे परिसंस्थांत, म्हणजे सजीव व त्यांच्या परिसराच्या परस्परावलंबी व्यवस्थांत, अकल्पित बदल संभवतात आणि 2 अंशांपलीकडे गंभीर हानीचा धोका झपाट्याने वाढतो, असे त्यात म्हटले होते. हा दावा वजनदार असला, तरी पुढे धोरणात उतरलेली मांडणी नॉर्डहाउस यांच्याच वळणाची दिसते. जर्मन सरकारच्या जागतिक बदलविषयक सल्लागार परिषदेने 1995 मध्ये गेल्या आंतरहिमयुगातील, म्हणजे दोन हिमयुगांमधल्या उबदार काळातील, 16.1 अंश हे कमाल तापमान धरून त्यात अर्धा अंश मिळवला आणि 16.6 ही वरची सीमा ठरवली. ती तत्कालीन 15.3 अंशांहून 1.3 अंशांनी वर होती व तोवरची वाढ जमेस धरता औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीपासून सुमारे 2 अंशांवर पडत होती. दोन्ही ठिकाणी भूतकाळाची कक्षा हीच मोजपट्टी असल्याने नॉर्डहाउस यांचा युक्तिवाद हाच या मर्यादेचा मूळ पुरुष मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे: 1996 मध्ये युरोपीय संघाने आणि 2010 मध्ये कानकुन येथील हवामान परिषदेने ही मर्यादा स्वीकारली. पॅरिसमध्ये 2015 साली मात्र क्रम उलटला. लहान द्वीपराष्ट्रांच्या आग्रहामुळे 1.5 अंशांचे लक्ष्य करारात आधी आले आणि त्याचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाचा अहवाल त्यानंतर, 2018 मध्ये, सिद्ध झाला. कोणत्या वाढीने किती हानी होईल हे विज्ञान सांगते. किती हानी सोसावयाची हा निर्णय राष्ट्रांचा असतो, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी त्यांना विज्ञानावर ढकलता येत नाही.