खेळण्यांच्या कपाटाची किल्ली

या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'मुलांची खेळणी आणि त्यांची आवराआवर' असे सांगितले. चालक थोडे घुटमळले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता, फार तर कामगार कायद्यांचा इतिहास यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असणार, आणि ती वाजवीच आहे. परंतु तीस वर्षे गेटसभा घेतल्यानंतर एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. वस्तू कोणाची, ती ठेवावयाची कोठे आणि तिची किल्ली कोणाच्या कमरेला, हा प्रश्न कारखान्यात जितका आहे तितकाच तो घराच्या कोपऱ्यातही आहे. म्हणून हा विषय.

निमित्त मात्र घरगुती झाले. गेल्या दिवाळीआधी आमच्या लेकीने घर आवरावयास काढले. घर दोन खोल्यांचे, नात पाच वर्षांची. पलंगाखालून, कपाटामागून, माळ्यावरून खेळणी निघू लागली ती संपेचनात. चाके गेलेल्या मोटारी, एका हाताच्या बाहुल्या, ज्यांचे जोडीदार हरवले आहेत असे ठोकळे. तीन गोण्या भरल्या. लेक एकेक वस्तू उचलून म्हणे, "हे ठेवायचं, हे कुणाला तरी द्यायचं, हे टाकायचं." नात भिंतीला टेकून बघत होती. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "आजोबा, मला का नाही विचारत?" आम्ही गप्प राहिलो. असाच सवाल आम्हांला पूर्वी एकदा एका बाईने केला होता, आणि तेव्हाही आम्हांला उत्तर सुचले नव्हते. ती हकीकत पुढे येईल.

खेळणे ही वस्तू फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत मातीच्या लहान गाड्या, बैल आणि पाखरांच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या आहेत. संध्याकाळी ती कोण उचलून ठेवीत असे, हे मात्र कुदळीला सापडण्याजोगे नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चे नावच एका खेळण्यावरून पडले आहे. चारुदत्ताचा लहान मुलगा मातीच्या गाडीशी खेळावयास तयार नाही, कारण शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिली आहे. वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या दागिन्यांतून उभा राहतो. खेळण्यावरून घराची ऐपत कळते ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आमचे स्वतःचे बालपण गिरणगावातल्या एका खोलीत गेले. तेथे आवराआवरीचा प्रश्न नव्हता, कारण आवरावयास काही नव्हतेच. गोट्या खिशात, भोवरा खुंटीला, काड्यापेट्यांचे छाप आणि बाटल्यांची बुचे एका पत्र्याच्या डब्यात. खरे खेळणे असे घरात एकच होते. मावशीने सावंतवाडीहून आणलेली लाकडी भातुकली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, लाल-पिवळ्या रंगाची, चितारआळीतल्या कारागिरांच्या हातची. पण ती आमच्या बहिणीच्या हाती कधी पडली नाही. ती फडताळात वरच्या फळीवर मांडलेली असे. पाहुणे आले की ते म्हणत, "वा, सुरेख आहे!" आणि आई पदराने तिच्यावरची धूळ झटकी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते. आमचे वडील त्यांपैकी एक. आठ-दहा महिन्यांनी आई आणि बहीण गावी गेल्या तेव्हा ती भातुकली ट्रंकेत गेली. बहीण तोवर तेरा वर्षांची झाली होती. भातुकलीचे वय निघून गेले होते. आईला आम्ही दोष देत नाही. ज्या घरात एकच सुंदर वस्तू असते तेथे ती उंचावरच राहते.

आता रोमला जाऊ. तेथल्या रेल्वे स्थानकामागे सान लोरेंझो नावाची कामगारवस्ती आहे. १८८० नंतरच्या दशकात तेथे सट्टेबाजांनी इमारतींचा सपाटा लावला, मग पैसा आटला आणि अर्धवट बांधलेल्या घरांत गोरगरिबांनी आसरा घेतला. पुढे एका गृहसंस्थेने त्यांतल्या काही इमारती विकत घेऊन दुरुस्त केल्या. आईबाप दिवसभर कामावर, शाळेच्या वयाखालची मुले जिन्यांवर मोकाट. नव्या रंगाच्या भिंतींवर रेघोट्या ओढल्या जाऊ लागल्या. संस्थेचे चालक एदुआर्दो तालामो यांनी हिशेब केला की, मुलांना एका खोलीत सांभाळावयास बाई ठेवणे हे दुरुस्तीच्या खर्चापेक्षा परवडेल. हा हिशेब आम्ही आजवर अनेक मालकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांना चांगली गोष्ट करावयास लावण्याचा बहुधा तोच एक मार्ग असतो.

त्या खोलीची जबाबदारी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे आली. इटलीत वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. पदवी १८९६ची. ६ जानेवारी १९०७ रोजी 'बालकांचे घर' उघडले तेव्हा तेथे पन्नासएक मुले होती, रडवेली, बुजरी. एक शिकविणारी बाई होती, तीही शिक्षणशास्त्र न शिकलेली. आणि एक उंच कपाट होते. साधने त्यात कुलपात. बाईने ती काढून द्यावयाची, काम झाले की गोळा करून पुन्हा आत ठेवावयाची.

पुढे जे घडले ते डॉ. मॉन्टेसरींनी स्वतः लिहून ठेवले आहे. बाई वस्तू परत ठेवू लागली की मुले जागा सोडून तिच्याभोवती गोळा होत. हाकलली तरी पुन्हा येत. बाईला वाटे, ही अवज्ञा आहे. डॉ. मॉन्टेसरींनी नीट पाहिले तेव्हा कळले की, मुलांना ती वस्तू स्वतःच्या हाताने जागेवर ठेवावयाची आहे. मग एके दिवशी बाईला यावयास उशीर झाला, आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावावयाचे राहून गेले होते. येऊन पाहते तो कपाट उघडे! काही मुले त्याच्यासमोर उभी, काही वस्तू घेऊन चाललेली. बाईने याला चोरी म्हटले. डॉ. मॉन्टेसरींनी मात्र असा अर्थ लावला की, मुलांना आता वस्तू ओळखीच्या झाल्या आहेत आणि आपल्याला काय हवे ते ती निवडू शकतात. त्यानंतर उंच कपाट गेले आणि मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या उघड्या फळ्या आल्या. प्रत्येक वस्तू एकच ठेवली. दुसऱ्याला हवी असेल तर त्याने थांबावयाचे. आज जगभर बालवाड्यांत जी ठेंगणी मांडणी दिसते तिचा उगम हा असा एका विसरलेल्या कुलपात आहे.

आणखी एक गंमत. त्या खोलीत उत्तम खेळणीही होती. बाहुल्या होत्या, त्यांच्या स्वयंपाकघराची इवलीशी भांडी होती. मुले त्यांना हात लावीनात. डॉ. मॉन्टेसरींनी स्वतः खेळून दाखविले. मुलांनी क्षणभर कौतुक केले आणि ती निघून गेली. त्यावरून त्यांनी काढलेले सगळे निष्कर्ष आम्हांला पटत नाहीत. आमच्या पाहण्यात भातुकलीत तासन् तास रमणारी मुले पुष्कळ आहेत. पण कपाटाबद्दल त्या बरोबर होत्या, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो आहोत.

ती हकीकत अशी. नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात आमची युनियन होती. बाटल्या भरणे, लेबले लावणे, खोकी बांधणे ही कामे बायकांकडे. १९४८च्या कारखाने कायद्याने बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले होते. मुळात पन्नासाहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे, आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर तिसाहून अधिक असतील तेथे. तेव्हा पाळणाघर होते. एक खोली, चार पाळणे, एक आया, सतरंजी आणि एक उंच लोखंडी कपाट. खेळणी कपाटात, किल्ली टाइम ऑफिसात. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की कपाट उघडे, खेळणी सतरंजीवर मांडली जात. इन्स्पेक्टर गेले की रजिस्टरात मोजून पुन्हा आत. कारण विचारले तर उत्तर मिळे, "मुलं मोडतात, बायका घरी नेतात."

बायकांनी आमच्याकडे मागणी आणली की, किल्ली आयेकडे असावी. आम्ही ती मागणीपत्रात घातली, अगदी शेवटी. व्यवस्थापक हसले. खरे सांगावयाचे तर आमच्या कमिटीतले पुरुषही हसले. वाटाघाटी रात्री उशिरापर्यंत चालल्या. पगारवाढीचा आकडा अडला होता. त्यांनी आणखी थोडे वर यावे म्हणून आम्ही खालच्या दोन-तीन किरकोळ मागण्या सोडल्या. किल्ली त्यांत गेली. दुसऱ्या दिवशी गेटवर गुलाल उधळला. लेबल विभागातली एक बाई बाजूला उभी होती. तिचा मुलगा तीन वर्षांचा, रोज त्या सतरंजीवर बसून कपाटाकडे बघणारा. ती म्हणाली, "भाऊ, वाढ चांगली झाली. पण किल्ली सोडताना आम्हांला का नाही विचारलंत?"

पुढचा करार तीन वर्षांनी झाला. त्या खेपेस आम्ही ती मागणी पहिल्या पानावर घातली आणि ती मिळाली. मेंटेनन्समधल्या सुताराने पेटाऱ्यांच्या फळ्यांची गुडघाभर उंचीची मांडणी करून दिली. पहिल्या महिन्यात तीन खेळणी गेली. एक परत आले, कोणी आणले ते आयेने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. संध्याकाळी भोंगा झाला की मुले आपणहून वस्तू फळीवर लावीत. त्या बाईचा मुलगा तोवर शाळेत गेला होता. डॉ. मॉन्टेसरींचे पुस्तक आम्ही यानंतर कितीतरी वर्षांनी एका सार्वजनिक वाचनालयात वाचले. आधी वाचले असते तर तीन वर्षे वाचली असती.

तसे पाहिले तर ही विद्या आपल्या दाराशी आलेली होती. भावनगरात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३९ साली डॉ. मॉन्टेसरी स्वतः मद्रासला आल्या. पुढल्या वर्षी इटली युद्धात उतरल्यामुळे त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या, आणि त्यांचे चिरंजीव मारिओ यांना सरकारने आपल्या अहमदनगरात स्थानबद्ध केले. मात्र त्यांची साधने महाग. बेताच्या मिळकतीच्या घराला ती न परवडणारी, आणि आज तर ते नाव पाटीवर लावून भरमसाट फी घेणाऱ्या शाळा गल्लोगल्ली आहेत. ताराबाईंनी ही गाठ सोडविली. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ होत्या. वारल्यांच्या पोरांसाठी त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. असल्या खेळण्यांना कुलूप लावण्याची कोणास बुद्धी होईल?

यानंतरचा इतिहास प्लॅस्टिकचा, आणि तो थोडक्यात उरकू. खेळणे इतके स्वस्त झाले की ते मोडण्याआधीच दुसरे येऊ लागले. लॉस एंजेलिस शहराचे उदाहरण बोलके आहे. १९३५ साली, मंदीच्या दिवसांत, तेथे गरिबांच्या मुलांना वाचनालयातल्या पुस्तकांप्रमाणे खेळणी घरी देण्याची योजना निघाली. त्याच शहरात २००१ ते २००५ या काळात संशोधकांनी मध्यमवर्गीयांची ३२ घरे आतून पाहिली, तेव्हा मुलांच्या वस्तू दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पसरलेल्या आढळल्या. अमेरिकेतच टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहानग्यांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले. चारच असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. म्हणजे एके काळी कुलपाने जे मुलापासून लांब ठेवले ते आता ढिगाने ठेवले आहे.

तर त्या रविवारी आम्ही तिन्ही गोण्या पुन्हा जमिनीवर ओतल्या. लेक म्हणाली, "बाबा, आता हे तुम्हीच निस्तरा." दुकानातून आणलेल्या पेटीच्या फळ्या ठोकून आम्ही नातीच्या छातीइतकी उंच मांडणी केली, दोन फळ्यांची. तिला सांगितले, यावर मावेल ते बाहेर, बाकीचे ट्रंकेत, ट्रंकेतले काही हवे झाले तर इथले काही आत जाईल. काय द्यावयाचे ते तूच ठरव. तिला दोन तास लागले. लेकीने महागाची म्हणून जपलेली बोलकी बाहुली तिने न बघता देण्याच्या ढिगात टाकली, आणि कुकरची जुनी शिट्टी, शिंप्याकडची रिकामी रिळे व एका कानाचा ससा वरच्या फळीवर लावले. एक मोटार देण्याच्या ढिगातून तीनदा परत आली.

दोन गोण्या वस्तीतल्या बालवाडीत पोहोचल्या. तिसरीबद्दल तिचा निर्णय अजून व्हावयाचा आहे, आणि ती गोणी आमच्या खोलीत दाराआड उभी आहे. लेक येता-जाता विचारते, "बाबा, हे कधी जाणार?" आम्ही सांगतो, वाटाघाटी चालू आहेत.